आपापली पुडी

जावेच्या पोराची दातखीळ बसली तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. डोळे वर गेले, पाठ लाकडासारखी ताठ झाली आणि हातपाय झटके देऊ लागले. अंग इतकं तापलेलं की लुगड्यातूनही माझ्या मांडीला चटका बसत होता. चमच्याची दांडी दातांत घालून पाहिली, दांडी वाकली.

सासू पितळेची वाटी घेऊन वाकली होती. वाटीत मधात कालवलेली कडू पूड.

"चाटव त्याले, चाटव."

"मामी, दात उघडून नाही राहिले." सासूला आम्ही दोघी जावा मामी म्हणत असू.

"ओठाले लाव मंग. जाईन आत."

ओठाला लावलं ते फेसाबरोबर बाहेर आलं.

भर दुपार होती. हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला होता, घरातले पुरुष आणि माझी मोठी जाऊ बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, गेले होते. पोरं आजारी म्हणून मला घरी ठेवलं होतं. माझी मुलगी त्याच खोलीत गोधडीत पडलेली. तिलाही ताप होता, पण ती शुद्धीवर होती.

"आई, दादा काऊन असा करून राहिला?"

मी पोराला खांद्यावर टाकलं आणि शाळेकडं पळत सुटले. सासू मागून ओरडत होती, "डोकं झाक त्याचं, ऊन लागते!"

शाळेच्या एका खोलीत नागपूरहून आलेला डॉक्टर राहायचा. त्यानं पोराला टेबलावर घेतलं, पापणी वर करून पाहिली आणि मला विचारलं, "लाल की पांढरा?"

मला कळलंच नाही.

"दोरा, बाई, दोरा! याच्या पुडीला कुठला दोरा होता?"

"लाल."

"लाल? नक्की?"

त्याचा चेहरा पडला. पोरासाठी पडला असं मला तेव्हा वाटलं. मग त्यानं पेटी उघडून कुनैनची सुई भरली आणि पोराच्या मांडीत टोचली. ओल्या फडक्यानं अंग पुसायला लावलं. झटके थांबले. पोरगा सैल पडला, मला वाटलं झोपला.

जाऊ आली तेव्हा तिच्या कमरेला इळा खोचलेलाच होता. पायाला चिखल. ती टेबलाजवळ बसली आणि पोराचे तळवे चोळत राहिली. दिवे लागायच्या आधी तो गेला. डॉक्टरनं मान हलवली तरी ती तळवे चोळत होती. शेवटी मी तिचे हात धरले.

आता हा डॉक्टर आमच्या गावात कसा आला ते सांगते.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा भंडारा. गोंदिया म्हणजे तांदळाच्या गिरण्या, बिड्या आणि रेल्वेचं जंक्शन, डॉक्टर तिथं. आमच्या गावात जुन्या लोकांनी बांधलेला मोठा तलाव होता, त्याच्या पाण्यावर धान आणि ऊस व्हायचा. इटियाडोहाचं धरण तेव्हा नव्हतं. तलावाचं पाणी होतं म्हणून आम्ही पोटभर भात खात होतो, आणि तलावाचं पाणी होतं म्हणून मच्छरही पोटभर खात होते. पावसाळा सरता सरता घरोघर हिवताप यायचा. एक दिवस हुडहुडी, चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. मग ताप. मग घाम. एक दिवस बरं वाटायचं, माणूस कामाला जायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लहान लेकरांची पोटं पानथरीनं, म्हणजे प्लीहा सुजून, पुढं यायची. मेलेल्यांची कोणी चर्चा करत नसे. ताप आला, गेला, एवढंच.

औषध म्हणजे भुईनीम. प्रत्येकाच्या सांदवाडीत, म्हणजे घराच्या मागच्या अंगणात, तो आपोआप उगवायचा. हातभर झुडूप, पण इतकं कडू की तोडलेला हात तोंडाला लागला तर दिवसभर जेवण कडू लागायचं. त्याचा काढा करून प्यायचा. कोणाला गुण यायचा, कोणाला नाही.

डॉक्टर त्या भुईनिमाच्याच मागं आला होता. तो म्हणायचा की या झाडात एक सत्त्व आहे, ते वेगळं काढलं तर हिवतापाचे किडे मारतं की नाही हे पाहायचं आहे. बाया पोतं पोतं भुईनीम तोडून त्याला देत. तो सुकवून नागपूरला पाठवायचा. तिकडं स्पिरिटमध्ये भिजवून, आटवून त्याची पूड करत आणि ती पूड पुड्यांमध्ये बांधून इकडं यायची. आमच्या उकिरड्यापाशी उगवणारं झाड आगगाडीनं जाऊन आगगाडीनं परत येतं याचं लोकांना फार हसू यायचं.

पण त्याला आधी रक्त लागायचं. बोटाला सुई टोचून काचेवर थेंब घ्यायचा. म्हणून गावानं त्याचं नाव रगतवाला पाडलं. सुरुवातीला बाया पोरांना लपवून ठेवत. मग एक दिवस त्यानं आम्हा बायांना बोलावून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून दाखवलं. मी चौथी शिकलेली, मला पुढं केलं. एक डोळा मिटून पाहिलं तर फिकट गुलाबी चकत्याच चकत्या, आणि एखाद्या चकतीत बारीकशी निळी अंगठी, अंगठीला लाल खडा.

"तो किडा," डॉक्टर म्हणाला. "तो खड्याच्या अंगठीसारखा दिसतो. औषध दिल्यावर या अंगठ्या कमी होतात का ते मला मोजायचं आहे."

सासूनं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "माय माय! माझ्या बोटात सारा जलम एक अंगठी नाही आली, अन् रगतात हाय म्हन्ते."

बाया हसून हसून पडल्या. डॉक्टरही हसला. त्या हसण्यानं त्याचं काम झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक आपण होऊन बोट पुढं करू लागले.

ज्यांच्या रक्तात अंगठ्या दिसल्या त्यांना तो पुड्या देऊ लागला. काही पुड्यांना लाल दोरा, काहींना पांढरा. आमच्या घरात दोन पोरं तापलेली, जावेचा मुलगा आणि माझी मुलगी. तो सहाचा, ती पाचाची. पोराला लाल दोऱ्याच्या पुड्या मिळाल्या, मुलीला पांढऱ्या.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," पुड्या सासूच्या ओटीत घालताना डॉक्टर म्हणाला. "आपापली पुडी आपापल्या पोराला. दुसऱ्याला द्यायची नाही."

"नाही देत जी," सासू म्हणाली. "कायले देऊ दुसऱ्याले?"

दोऱ्यांमध्ये फरक काय ते त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. फुकटचं औषध होतं.

आता आमचं घर कसं होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन मुलगे, दोन सुना, एक चूल. घरात जे येईल ते आधी सासूच्या हातात जाई. गूळ आला, कापड आलं, बाजारातून चिवडा आला, ती दोन वाटे करी आणि दोघींना एकदम देई, एकीला आधी नाही, एकीला मागून नाही. जावेच्या पोराला चांदीची मनगटी केली तर माझ्या मुलीलाही तेवढ्याच वजनाची. तिच्या स्वतःच्या तरुणपणी तिच्या सासूनं दुजाभाव केला होता. मोठ्या सुनेच्या लेकरांना दूध आणि हिच्या लेकरांना ताक. ते तिला आयुष्यभर सलत होतं. आपल्या घरात दुजाभाव होऊ द्यायचा नाही, एवढा एकच धर्म ती पाळायची. देवाला सुद्धा, नागऱ्याच्या महादेवाला, ती वर्षातून एकदाच जायची.

तिनं काय केलं, तर रोज सकाळी लाल दोऱ्याची एक आणि पांढऱ्या दोऱ्याची एक अशा दोन्ही पुड्या त्या पितळी वाटीत सोडायची, मधात कालवायची आणि बोटानं मधोमध रेघ ओढून अर्धं पोराला, अर्धं मुलीला चाटवायची. आम्ही दोघी तिथंच असायचो. पोराचे हात मी धरायची, मुलीचं नाक जाऊ धरायची. कडूपणानं दोघं बोंबलायची. मग चारपाच मुरमुरे दोघांनाही सारखे.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्या घराबाहेर जगात लोक वेगळं वागत असतील हे आमच्या डोक्यातच आलं नाही. मला तर आजही ती चूक वाटत नाही. जी दोघांना सारखं देते तिला मी चूक कशी म्हणू?

अंगठ्या मोजायला डॉक्टर मधूनमधून येई. एकदा मुलीचं रक्त पाहून तो गोंधळला. म्हणाला, "हिच्या कमी कशा झाल्या?" सासू म्हणाली, "औषधानं." त्यानं आकडा वहीत टाकला. पोराच्याही जराशा कमी झाल्या होत्या. दोघांचा ताप उतरला, चढला, उतरला. मग डॉक्टर स्पिरिट आणायला गोंदियाला गेला आणि नेमका त्याच वेळी पोराचा ताप जो चढला तो उतरलाच नाही. तो परत आला त्याच दुपारी मी पोराला खांद्यावर टाकून शाळेत नेलं.

पोराला मातीत ठेवून आलो. पुरुष पुन्हा बांधीवर गेले, धान थांबत नाही. डॉक्टर घरी आला. ओसरीवर बसला. आधी माझ्या मुलीच्या बोटाचं रक्त घेतलं. मग सासूला विचारलं, "पोराला पुडी रोज देत होता ना? एकही दिवस चुकला नाही?"

"नाही चुकला. दोघायलेही रोज देल्ली."

"दोघांना म्हणजे लाल त्याला, पांढरी हिला."

"लाल-पांढरं आम्ही नाही करत या घरी. दोन्ही वाटीत सोडत होतो, कालवत होतो, अन् अर्धं अर्धं देत होतो."

डॉक्टरनं पेन्सिल खाली ठेवली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला. आपापली पुडी आपापल्या पोराला."

"तेच त केलं," सासू म्हणाली. "आपलीच पुडी, आपलेच पोरं. दुसऱ्याच्या घरी दाणाभर गेली असन त सांगा."

तिला खरोखर कळत नव्हतं की तो कशाबद्दल बोलतोय. त्याला कळत नव्हतं की तिला का कळत नाही. त्याच्या आपापल्यात आणि हिच्या आपल्यात एवढं अंतर असेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

दाराआड जाऊ उभी होती. तिनं त्या दिवसापासून कोणाशी शब्द काढला नव्हता. तिथूनच ती म्हणाली, "पांढऱ्यात काय होतं?"

डॉक्टरनं खाली ठेवलेली पेन्सिल पुन्हा उचलली.

"पांढऱ्यात काय होतं, डाक्टर?"

"तांदळाचं पीठ," तो म्हणाला. "कडुनिंबाचा पाला घालून कडू केलेलं. चवीवरून कळू नये म्हणून."

मी पुढं झाले. "म्हणजे माझ्या पोरीले तापात पीठ चारत होते तुम्ही?"

"तसं करावं लागतं, बाई. सगळ्यांनाच औषध दिलं तर औषधानं बरं झालं की आपोआप, कसं कळणार?"

"तुमच्या पेटीत कुनैन होती?"

"होती."

"मंग कायले नाही देल्ली?"

"कुनैन दिली असती तर या झाडाचा गुण कळला नसता. ज्याचा ताप वाढेल त्याला ताबडतोब कुनैनच देणार होतो. मी नेमका गोंदियाला..."

"तुमाले झाडाचा गुण पाहिजे होता," मी म्हटलं, "आमाले लेकरं पाहिजे होते. हे पहिल्याच दिवशी सांगाचं ना. भुईनीम त आमच्या घरामागंच होता. फुकटात कडू पाजाले आमाले तुमची गरज नव्हती."

तो काही दुष्ट माणूस नव्हता, पण चांगलाही मी म्हणणार नाही. तो उठायला लागला तेव्हा जाऊ दारातून बाहेर आली.

"डाक्टर, माझ्या पोराले पुरी पुडी भेटली असती त वाचला असता का?"

इथं त्यानं खोटं बोलायला पाहिजे होतं. 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. तो शिकलेला माणूस, त्याला खोटं बोलता आलं नाही. तो म्हणाला, "सांगता येत नाही. कदाचित."

त्या एका 'कदाचित'वर आमचं घर मोडलं.

जाऊ हळूच वळली. माझी मुलगी पायरीवर बसून मुरमुरे खात होती. ताप उतरला होता तिचा, भूक लागायला लागली होती. जावेनं तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मंग माझ्या लेकराची अर्धी पुडी कोनं खाल्ली?"

मुलीनं मूठ पुढं केली, तिला वाटलं मोठी आई मुरमुरे मागतेय.

डॉक्टर जाताना मला म्हणाला, "तुमचं घर मी मोजणीतून काढून टाकतो. दोघांनी सारखंच खाल्लं, त्यातून काही सिद्ध होत नाही." मी म्हटलं, "पोरगा मेला हे त सिद्ध झालं ना?" तो खाली मान घालून गेला. पुढं त्यानं घरोघर विचारलं तेव्हा कळलं की एका चुलीच्या बहुतेक घरांत हेच झालं होतं. कोणी काढ्यात दोन्ही पुड्या टाकल्या होत्या, कोणी ज्याला ताप जास्त त्याला दोन्ही चारल्या होत्या. त्यानं सारं गावच मोजणीतून काढून टाकलं, सामान छकड्यात घातलं आणि गेला. बायांनी तोडून वाळवलेला भुईनीम शाळेच्या खोलीत तसाच पडून राहिला. मास्तरनं तो बाहेर काढून जाळला, तर धूरसुद्धा कडू होता.

भुईनिमाच्या सत्त्वाची गोळी पुढं कोणत्या दवाखान्यात आली असेल तर मला माहीत नाही. मला तरी कोणी दिली नाही. म्हणजे लाल पुडीत तरी दम होता का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. पुरी चाटूनही पोरगा गेला असता. न चाटताही माझी मुलगी राहिली असती. पण हे मी जावेला सांगायचं? ज्या बाईचं पोर जगलं तिनं, जिचं गेलं तिला हे सांगायचं? मी एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, "तुले काय जाते बोलाले?" बरोबर होतं तिचं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक नेहमीसारखे दारातल्या पळसाच्या फांद्या घेऊन गावाबाहेर टाकायला निघाले. आमच्याकडं तेव्हा सारी पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीला ओरडून सांगतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत. जाऊ माझ्या दाराशी थांबली, माझ्या मुलीकडं बोट केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "चोट्टीले घेऊन जा गे मारबत!"

आमच्याकडं चोराला चोट्टा म्हणतात. मुलगी तेव्हा सहाची झाली होती. तिनं मला विचारलं, "आई, मी काय चोरलं?" जावेच्या अंगावर मी धावून गेले, झिंज्या धरल्या, लोकांनी सोडवलं. त्याच दिवशी चूल वेगळी झाली. भांडी वाटताना ती पितळी वाटी दोघींपैकी कोणालाच नको होती. सासूनं ती तलावात नेऊन टाकली.

सासूला दोन्ही चुलींवरून जेवायला बोलावणं असे. ती एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं जेवायची, तिथंही मोजून सारखं. शेवटपर्यंत ती एकच वाक्य म्हणत राहिली, "मी दुजाभाव नाही केला." कोणी विचारलं नसतानाही म्हणायची. जावेनं तिला कधी दोष दिला नाही. डॉक्टरलाही दिला नाही. तो गेला होता, त्याच्यावर रागावून काय उपयोग. राग धरायला रोज डोळ्यांसमोर कोणीतरी लागतं, आणि माझी मुलगी रोज अंगणात खेळत होती.

नंतर फवारणीवाले आले, घरोघर भिंतींवर पावडर मारून गेले. दारांवर खडूनं काहीतरी लिहीत. हिवताप बराच कमी झाला. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळू लागल्या. ज्याला ताप त्याला गोळी, दोऱ्याबिऱ्याची भानगड नाही. ते जरा आधी आलं असतं तर, असं मी पूर्वी म्हणायची. आता म्हणत नाही.

जावेला पुन्हा मूल झालं नाही. मुलीच्या लग्नात ती मांडवात आली नाही, आपल्या दाराला आतून कडी लावून बसली. सासू मेली, जाऊ मेली, आमचे दोघींचे नवरे मेले.

मुलीला त्यानंतर दोनदा हिवताप आला आणि दोन्ही वेळा गेला. ती जगली. मी जगले.